सुरी, साखर आणि अर्धा आरसा

मागच्या अंकात चिनी प्रेमकथांच्या वेब कादंबऱ्यांवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं, चार-दोन जणांना आवडेल. पण पत्रं येतच राहिली. कुणी मोबाइलवर इंग्रजी अनुवाद वाचतंय, कुणी मालिका बघून मूळ कथेकडे वळलंय. सगळ्यांची उत्तरं या पानांत मावणार नाहीत. ज्या पत्रांनी मला स्वतःला विचारात पाडलं, ती सहा इथे घेते आहे.

ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री १४० प्रकरणांची एक कादंबरी संपवली. शेवट मैत्रिणीने आधीच सांगितला होता. नायक मरतो तिथे मला रडू आलं नाही. पण त्यानंतर काही वर्षांनी नायिका एका नूडल्सच्या दुकानात जाते, सवयीने दोन वाडगे मागवते आणि म्हणते, "एकात कोथिंबीर नको." तिथे मी कोसळले. मरणाला रडू नाही आणि कोथिंबिरीला रडू, हे कसं?

तुझं पत्र वाचून मला श्यामेनमधली माझी भाषासोबतीण आठवली. २०१२ साली मी तिथे वर्षभर चिनी शिकत होते. ती माझ्याशी चिनी बोलायची, मी तिच्याशी इंग्रजी. तिच्या वसतिगृहात रात्री अकराला दिवे जायचे. मग ती पांघरुणात मोबाइल घेऊन कादंबरी वाचायची आणि एखाद्या सकाळी डोळे सुजवून यायची. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं, काय झालं? म्हणाली, "काल लेखिकेने सुरी दिली." कधी हसत यायची, "आज साखर वाटली." हे शब्द तिच्या एकटीचे नव्हते, तिकडचे वाचक असंच बोलतात. काळजात घुसणारा प्रसंग म्हणजे सुरी, गोड प्रसंग म्हणजे साखर. आणि दुःखाच्या कथेत सुखाचा एखादा क्षण हुडकत बसायचं म्हणजे काचेच्या चुऱ्यातून साखर वेचायची.

आता तुझी कोथिंबीर. तू ती कादंबरी पुन्हा उघड आणि मागे जा. मला खात्री आहे, पहिल्या दहा प्रकरणांत कुठेतरी त्याला कोथिंबीर आवडत नाही हे येऊन गेलेलं असेल, तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता. मध्ये कुठेतरी ती काही न बोलता त्याच्या वाडग्यातली पानं चॉपस्टिकने स्वतःच्या वाडग्यात घेत असेल. लेखिकेने तिथे "तिचं त्याच्यावर किती प्रेम होतं" असं एक अक्षर लिहिलेलं नसेल. पहिल्या वेळी ती गोष्ट तुझ्यासाठी नुसती माहिती होती. दुसऱ्या वेळी त्या दोघांची सवय झाली. आणि १४० प्रकरणं वाचता वाचता ती तुझीही सवय झाली. दुकानात तिने "एकात नको" म्हटलं तेव्हा तो गेलाय हे तिच्या जिभेला अजून कळलेलं नव्हतं, आणि तुझ्याही. मरणाच्या प्रसंगाला तू मनाची तयारी करून गेली होतीस. नूडल्सच्या दुकानात तू बेसावध होतीस.

या कादंबऱ्यांत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य फार कमी वेळा येतं, आणि आलं तरी उशिरा. त्याच्या जागी कोलंबी सोलून तिच्या ताटलीत ठेवणं येतं, रस्त्यावर वाहनांच्या बाजूने आपण चालणं येतं, "जेवलीस का" आणि "थंडी आहे, अजून एक कपडा घाल" येतं. 'काव्यसंग्रह' या चिनी परंपरेतल्या सर्वांत जुन्या कवितासंग्रहाला दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली एक प्रस्तावना आहे. तिच्यात म्हटलंय की कविता भावनेतून निघते आणि मर्यादेशी थांबते. आजची लेखिका मोबाइलवर लिहीत असली तरी ही शिस्त तिच्या हाडात मुरलेली आहे. भावना कमी आहे म्हणून ती थांबत नाही. पुढचं पाऊल वाचकाने टाकावं म्हणून थांबते.

राहिला शेवट आधी कळण्याचा मुद्दा. थोंग ह्वा या लेखिकेची 'बूबू जिंगशिन' ही कादंबरी २००५ मध्ये जिनजियांग साहित्यनगर या वेबसाइटवर क्रमशः यायला लागली. आजच्या काळातली एक मुलगी सम्राट कांगशीच्या दरबारात जाऊन पडते, राजपुत्रांच्या गादीच्या भांडणाच्या ऐन मध्यात. चौथा राजपुत्र १७२२ मध्ये गादीवर येणार आणि आठव्याचा शेवट कैदेत होणार, हा इतिहास चिनी वाचकाला माहीत आहे आणि नायिकेलाही. ती आठव्याला गादीचा नाद सोड म्हणून विनवते. तो ऐकत नाही. इथे "पुढे काय होणार" ही ओढच लेखिकेने काढून टाकली आहे. उरतं ते प्रत्येक साध्या प्रसंगावर पडणारं सावट: बर्फातली चाल, चहाचा पेला, एखादी थट्टा. तुझ्या मैत्रिणीने शेवट सांगितला म्हणून तिच्यावर रागावू नकोस. तिने नकळत तुला त्या नायिकेच्या जागी बसवलं.

आणि रडण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. 'लाल महालातील स्वप्न' या अठराव्या शतकातल्या महाकादंबरीत दाययू नावाची नायिका आहे. पूर्वजन्मी ती स्वर्गातलं एक रोप होती. तिथल्या एका सेवकाने दवाचं पाणी घालून ते रोप जगवलं. तो माणसाच्या जन्माला निघाला तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडे परत द्यायला पाणी नाही, तेवढे अश्रू देईन. म्हणून ती जन्मभर रडते. ऋण फिटतं आणि ती जाते. देव-दानवांच्या आणि तीन-तीन जन्मांच्या ज्या प्रेमकथा तुझ्या वयाच्या मुली हल्ली वाचतात, त्यांच्या मुळाशी हा हिशेब आहे.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या कादंबरीतला नायक श्रीमंत कंपनीमालक. तो नायिकेचा अपमान करतो, तिला घरात डांबतो, शेवटी रडून माफी मागतो आणि ती माफ करते. मुलगी म्हणते, "आई, हेच तर प्रेम आहे." मी मोबाइल काढून घेऊ का?

काढून घेऊ नका. पण तुमची काळजी मला पटते आणि ती मी हलकी करणार नाही. हा 'दांडगा मालक' चिनी प्रेमकथेत फार जुना आहे आणि त्याच्या नावावर वाईट लिखाणही भरपूर आहे. वाचक अशा कथांना काय म्हणतात ते ऐका: "बायकोला छळताना घडीभर मजा, बायकोला परत मिळवताना स्मशान." म्हणजे आधी नायकाने मन मानेल तसं वागायचं आणि मग पश्चात्तापात जळायचं. हा आता एक ठरलेला उपप्रकारच झालाय. आणि वाचक मुली गप्प बसत नाहीत. चिता नीट पेटलीच नाही, त्याला फार लवकर माफ केलं, अशी खरमरीत तक्रार प्रकरणाखाली लिहून जातात.

अशा कथा तपासायला मी एक जुनी गोष्ट वापरते. 'फुटलेला आरसा पुन्हा गोल' हा चिनी वाक्प्रचार आहे, आणि ताटातूट होऊन पुन्हा भेटणाऱ्यांच्या कादंबऱ्यांचं प्रकारनावही तेच आहे. सहाव्या शतकाच्या शेवटी छन राज्य बुडण्याच्या बेतात होतं. राजकन्या लछांग आणि तिचा नवरा शू दयान यांनी एक आरसा फोडला आणि अर्धा अर्धा वाटून घेतला. ठरलं असं की पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला आपला तुकडा राजधानीच्या बाजारात विकायला काढायचा. राज्य बुडालं, राजकन्या विजेत्यांच्या एका बड्या मंत्र्याच्या घरी गेली. नवरा हाल सोसत राजधानीत पोचला. त्या दिवशी बाजारात एक म्हातारा नोकर आरशाचा अर्धा तुकडा भलत्याच किमतीला विकत होता. लोक हसत होते. नवऱ्याने आपला तुकडा काढून जोडला. पुढे त्या मंत्र्याने राजकन्येला परत पाठवलं.

या गोष्टीत तुकडा दोघांनीही जपलेला आहे. तुमच्या मुलीच्या कादंबरीत तो कुणी जपला? त्याने भिरकावून दिला असेल आणि दोन्ही तुकडे हात कापून घेत तिनेच सांभाळले असतील, तर शेवटच्या प्रकरणातल्या त्याच्या अश्रूंना मी प्रेम म्हणणार नाही, आणि लेखिकेचं कसबही म्हणणार नाही. आणखी पाहा: नायिकेजवळ स्वतःचे पैसे आहेत का? जायला एखादं दार, एखादी मैत्रीण आहे का? तिने "नाही" म्हटलं ते कथेत कुणी ऐकलं का? पश्चात्तापापायी नायकाचं अश्रूंखेरीज काही गेलं का? चांगल्या लेखिकेच्या हातात नायिका खरोखर निघून जाते, तिचं काम उभं राहतं, वर्षं जातात. मग परत यायचं की नाही हे ती ठरवते, आणि कधीकधी येत नाही.

मुलीला एवढंच विचारा की त्यातला कुठला प्रसंग तिने पुन्हा पुन्हा वाचला. मला असं आढळलंय की मुली डांबून ठेवण्याचा प्रसंग क्वचितच परत वाचतात. परत वाचतात तो प्रसंग म्हणजे ताप आलेला नायक तिचं नाव घेतो, तो. तिला कुणीतरी आपल्यावाचून अडावं असं वाटतंय. त्याबद्दल आई-मुलीला बोलता येईल.

या कादंबऱ्यांत दिवा मालवला की थेट सकाळ का होते?

२०१४ मध्ये चीनमध्ये इंटरनेट स्वच्छतेची मोठी मोहीम झाली. त्यानंतर जिनजियांगवर नियम कडक झाले. वाचकांच्या तोंडी त्या नियमाचं सार एकच: मानेखालचं काही लिहायचं नाही. त्यामुळे काही लेखिकांचं लिखाण कोरडं पडलं. काहींनी मात्र मानेवरच्या भागात सगळं आणलं: लाल झालेले कान, गिळलेला आवंढा, केसात अडकलेली बोटं. लाल कान तर इतके झाले की आता मला त्यांचा कंटाळा येतो. बंधनाचं कौतुक करायला माझं मन धजत नाही. पण त्यातून वाट काढणाऱ्या बायकांचं मनापासून करते.

मी एका चिनी कथेचा मराठीत अनुवाद करतो आहे. नायिका मुलाच्या वेषात विद्यापीठात शिकते. पहिल्याच संवादाला अडलो. ती "मी जातो" म्हणणार की "मी जाते"? आणि सम्राट प्रेमात पडल्यावर त्याची बोलण्याची तऱ्हा बदलते म्हणतात, ती मराठीत कशी आणू?

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस याच विचारात होते. चिनी क्रियापदाला लिंग नाही. 'तो' आणि 'ती' यांचा उच्चारही एकच, 'था'. 'ती'साठी वेगळं अक्षर रूढ होऊन जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. म्हणून वेषांतराची कथा त्या भाषेत सहज फुलते. चू यिंगथाय पुरुषवेषात शिकायला जाते आणि लियांग शानबोबरोबर तीन वर्षं राहते, ही त्यांची सर्वांत लाडकी लोककथा. निरोपाच्या अठरा 'ली'च्या, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरच्या वाटेवर ती त्याला खुणेने सांगत राहते, पाण्यातली बदकांची जोडी दाखवते, विहिरीतली दोघांची प्रतिबिंबं दाखवते. त्या भोळ्याला काही कळत नाही. मराठीत तिने तोंड उघडलं की पहिल्याच क्रियापदाला बिंग फुटतं.

पण आपल्या भाषेने दारंही ठेवलेली आहेत. "मी येईन" मध्ये लिंग नाही. "मला जायचं आहे", "मला वाटतं", "मी पत्र लिहिलं", "माझ्याने होणार नाही" या कशातच नाही. माझं मत विचाराल तर संवादात तिला सरळ "जातो, करतो" बोलू द्या, कारण वेष घेतलेली मुलगी तेच करील. तिच्या मनातले विचार मात्र "जाते, करते" मध्ये ठेवा. जिथे ती दोघांच्या मध्ये लटकलेली असेल तिथे ही लिंग नसलेली वाक्यं वापरा. मग एके दिवशी, दमलेली असताना, तिच्या तोंडून "मी येते" निसटू द्या. एका कान्याचा फरक. मूळ लेखिकेला हे तिच्या भाषेत करता आलं नसतं.

सम्राटाचं तर मराठीला सोपं आहे. 'जन' हा शब्द चीनमध्ये एके काळी कुणीही 'मी' म्हणून वापरायचं. इसवी सनपूर्व २२१ मध्ये पहिल्या सम्राटाने तो स्वतःसाठी राखून घेतला, आणि पुढे दोन हजार वर्षं तो सम्राटांचाच राहिला. कादंबरीत सम्राट एका रात्री तिच्यासमोर 'जन' सोडून सगळ्यांचं साधं 'वो', म्हणजे 'मी', म्हणतो. चिनी वाचक त्या एका शब्दावर पुस्तक छातीशी धरतो. तुम्ही त्याला आधी "आम्ही" बोलायला लावा आणि त्या रात्री "मी". शाळा-कॉलेजच्या कथांत हेच काम आडनाव करतं. वर्गात सगळे पूर्ण नावाने हाक मारतात, आणि एका संध्याकाळी तो आडनाव गाळून बोलावतो. प्रकरण तिथेच संपतं. कृपा करून अशा जागी खाली टीप देऊ नका. आधीच्या वीस पानांत पूर्ण नाव इतक्यांदा येऊ द्या की ते गळलेलं कानाला कळेल.

मी वाचत असलेली कथा लेखिकेने ८२व्या प्रकरणाला सोडून दिली. ऐन रंगात. फसवल्यासारखं वाटतं.

तिकडे याला 'खड्डा' म्हणतात. कथा सुरू करणं म्हणजे खड्डा खणणं, पूर्ण करणं म्हणजे बुजवणं, आणि तुम्ही आत्ता आत पडलेले आहात. तुमचा राग रास्त आहे. फक्त या धंद्याची रीत समजून घ्या. सुरुवातीची प्रकरणं फुकट असतात, नंतरची पैसे भरून उघडतात, आणि दर हजार अक्षरांवर ठरतो. २००३ मध्ये छीत्येन या वेबसाइटने ही पद्धत आणली तेव्हा तो हजार अक्षरांना दोन फन होता. शंभर फनांचा एक युआन. रोज एक प्रकरण टाकायचं, साधारण तीन हजार अक्षरांचं. एक दिवस चुकला की वाचक तगादा लावतात. यामुळे लेखिका प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडायला शिकते की दुसऱ्या दिवशी वाचक परत यावा. जुने कथेकरीही म्हणायचेच, "पुढे काय झालं ते पुढच्या भागात ऐका." यामुळेच कथेत पाणीही घातलं जातं. चिनीतही 'पाणी घालणं' असंच म्हणतात. आणि यामुळेच माणसं थकून मध्येच थांबतात. म्हणून मी आता पूर्ण झालेल्या कथाच हाती घेते.

माझं वय ६३. दीड वर्षापूर्वी हे गेले. नातीने मला एक पुनर्जन्माची कादंबरी वाचायला दिली. नायिका मरते आणि डोळे उघडते तर दहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी, सगळी माणसं जिवंत. मी ते पहिलं प्रकरण अकरा वेळा वाचलं. पुढे जाववत नाही. या वयात असल्या गोष्टींत अडकावं याची लाज वाटते. हे रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं सोडवायचे आणि उरलेलं माझ्यासाठी ठेवायचे. मला तेवढीच एक सकाळ हवी आहे.

लाज बाळगू नका. मी तुमचं पत्र उशाशी ठेवलं आहे.

या प्रकाराला चिनीत 'छोंगशंग' म्हणतात, पुन्हा जगणं. यातल्या बहुतेक कथा सूडाकडे धावतात, आणि मला त्या तिथे गमावल्यासारख्या वाटतात. पण जिला लिहिता येतं ती लेखिका त्या पहिल्या सकाळी घाई करत नाही. नायिका आईचा हात धरते, तो गरम असतो. आई वैतागते, "सकाळी सकाळी काय झालं तुला?" नायिकेला काही सांगता येत नाही. तिच्यासाठी ही सकाळ दहा वर्षांनी आलेली असते, आणि आईसाठी ती कालच्यासारखीच एक असते. तुम्ही अकरा वेळा परत गेलात ते याच फटीपाशी. पुढच्या प्रकरणांत कारस्थानं आहेत, लग्नं आहेत, न्याय आहे. तुम्हाला त्यातलं काही नको आहे, तर पुढे जाण्याचं कारणही नाही. पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे असा कुणाचा धाक नाही.

चिनी वाचकांचा एक शब्द तुम्हाला देते, 'यी नान फिंग'. मन सपाट होत नाही, असा त्याचा अर्थ. वर 'लाल महाला'चा उल्लेख केला, हा शब्द त्यातल्याच एका गाण्यातला आहे. बायको आदराने ताट भुवयांपर्यंत उचलून समोर धरते, संसारात काही उणं नाही, तरी त्याचं मन सपाट होत नाही, कारण जी गेली ती गेली. अडीचशे वर्षांपूर्वीची ती ओळ आज विशीतल्या मुली मोबाइलवर एकमेकींना पाठवतात, आवडत्या पात्राचं भलं झालं नाही म्हणून. माझ्या भाषासोबतिणीने मला तो शब्द शिकवला तेव्हा ती बावीसची होती. तुमच्या तोंडी तो जास्त शोभेल.

आणखी एक. कादंबरी संपली की या लेखिका 'फानवाय' लिहितात, कथेबाहेरची छोटी प्रकरणं. त्यांत काहीच घडत नाही. दोघं भाजी आणतात, पांघरुणावरून भांडतात, कुणाला तरी सर्दी होते. वाचक मूळ कथेपेक्षा त्यांचीच जास्त वाट बघतात. नातीला सांगा, तुमच्यासाठी नुसती फानवाय शोधून दे.

आणि तुमचं ते अर्धं कोडं. ते सगळ्यात सोपे शब्द तुमच्यासाठी ठेवायचे की अडलेले? मला लिहून कळवा.